फेरीवाल्याच्या कानातल्या बाळ्या

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही. जॉर्ज एलियट यांच्या ‘सायलस मार्नर’ या कादंबरीवर आपल्याला सेमिनार द्यायचा आहे. गावकरी अडाणी आणि अंधश्रद्ध होते, म्हणून त्यांनी परगावाहून आलेल्या सायलस या विणकराला सैतानाचा हस्तक मानले, आणि शिक्षण हाच त्यावर उपाय आहे, असे आपण एका मार्गदर्शकात वाचले. ते उत्तर आपल्याला अपुरे वाटते, पण काय अपुरे आहे हे नेमके सांगता येत नाही. शिवाय गावकऱ्यांना दोषी धरायचे की अज्ञानी म्हणून सोडून द्यायचे, हाही प्रश्न आपल्याला पडला आहे.

ही कादंबरी मी पदवीच्या वर्गांना बरीच वर्षे शिकवली आहे, आणि सुरुवातीची काही वर्षे मीही मार्गदर्शकातलेच उत्तर फळ्यावर लिहून देत होतो, हे आधी कबूल करतो. परीक्षेत दहा गुणांसाठी ते चालून जाते. सेमिनारमध्ये मात्र समोरचा एखादा जागा श्रोता विचारील की, अज्ञानामुळे पूर्वग्रह निर्माण होतो हे मान्य, पण कसा? त्या ‘कसा’चे उत्तर लेखिकेने फार बारकाईने दिले आहे, आणि मार्गदर्शक नेमके तेच गाळतात.

प्रथम काळ आणि स्थळ. कादंबरी १८६१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या घटना मात्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, नेपोलियनशी युद्ध चालू असतानाच्या काळातल्या आहेत. रॅव्हलो हे इंग्लंडच्या मध्य भागातले सुपीक, खाऊनपिऊन सुखी, हमरस्त्यापासून दूर असलेले काल्पनिक गाव आहे. मेरी अ‍ॅन एव्हान्स (जॉर्ज एलियट हे त्यांचे टोपणनाव) यांचा जन्म १८१९ मध्ये त्याच भागातल्या वॉरिकशायरमध्ये झाला. लहानपणी कधीतरी पाठीवर गाठोडे घेतलेला एक विणकर पाहिल्याच्या आठवणीतून ही गोष्ट सुचल्याचे त्यांनीच लिहून ठेवले आहे. पाठीवरच्या त्या गाठोड्याकडे लक्ष असू द्यावे, कारण कादंबरीतला पहिला संशय त्याच्यापासूनच सुरू होतो.

पहिल्याच परिच्छेदात एक मेंढपाळ भेटतो. वाटेने गाठोडे घेऊन जाणारा फिकुटलेला, किरकोळ अंगाचा माणूस पाहून त्याचा कुत्रा भुंकतो. गाठोड्यात जवसाचे सूत किंवा लिनन कापडाचे तागे असणार, हे मेंढपाळाला ठाऊक आहे. हे लक्षात घ्या: ठाऊक आहे. तरीही, सैतानाच्या मदतीवाचून हा धंदा चालत असेल का, याची त्याला खात्री वाटत नाही. म्हणजे इथे माहितीची उणीव नाही. माहिती आहे, पण ती भीतीला पुरी पडत नाही. ज्याच्या आईबापांना ओळखणारा निदान एखादा माणूस तरी आपल्या ओळखीचा नाही, त्याचा उलगडा व्हायचा कसा, हा रॅव्हलोचा खरा प्रश्न आहे. ‘तुमचं गाव कुठलं?’ आणि लगेच ‘आडनाव काय?’ असे विचारल्याशिवाय ज्यांना समोरच्याला चहा विचारता येत नाही, त्या आपल्या लोकांना हा प्रश्न परका वाटू नये.

दुसरे उदाहरण मागाच्या आवाजाचे. गावची पोरे खेळ सोडून सायलसच्या खिडकीशी येतात, कारण त्याच्या मागाचा खटखटाट त्यांना गूढ वाटतो. उफणणीच्या यंत्राचा आणि मळणीच्या दांडक्याचा आवाज मात्र त्यांना स्वाभाविक आणि आनंदी वाटतो. आता उफणणीचे यंत्र काही झाडाला लागत नाही. तेही माणसानेच केलेले, तेही आवाज करणारे. पण ते आपल्या खळ्यावरचे आहे. ‘नैसर्गिक’ या शब्दाचा अर्थ ‘आमच्या सवयीचे’ असा कसा होऊन बसतो, हे लेखिकेने एका वाक्यात दाखवले आहे, आणि हे वाक्य वर्गात सावकाश वाचले तर त्यावर वेगळे भाष्य करण्याची गरज उरत नाही.

आता सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगाकडे येतो. तो दुसऱ्या प्रकरणात आहे. सायलस जोडे दुरुस्तीला टाकायला चांभाराकडे जातो, तेव्हा चांभाराची बायको सॅली ओट्स शेकोटीजवळ बसलेली असते. अंगावर सूज, हृदयाचा विकार. हीच लक्षणे सायलसने आपल्या आईच्या अखेरच्या आजारात पाहिलेली असतात. फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीचा काढा दिल्यावर आईला थोडा आराम पडला होता, हे त्याला आठवते, आणि डॉक्टरचे औषध लागू पडत नाही म्हणून तो स्वतः होऊन तसाच काढा आणून देतो. सॅलीला उतार पडतो. कित्येक वर्षांत प्रथमच त्याला कोणाविषयी तरी माया वाटलेली असते.

पुढे काय व्हावे? कृतज्ञता वाटावी, ओळख वाढावी. घडते ते उलट. डॉक्टरला जमले नाही ते विणकराला जमले, तर ही विद्या त्याच्याकडे आली कुठून? शेजारच्या टार्ली गावात पूर्वी एक जाणती म्हातारी होती, ती तोडगे द्यायची. हाही त्यातलाच असणार. मग डांग्या खोकल्याने बेजार झालेल्या पोरांच्या आया, अंगावरचे दूध आटलेल्या बाया आणि हातापायांच्या वाताने आखडलेले पुरुष पैसे घेऊन त्याच्या दारात उभे राहू लागतात. सायलस प्रामाणिक असतो. त्याच्याकडे गंडेदोरे नाहीत, म्हणून तो सर्वांना हाकलून लावतो. यातून लोकांनी काढलेला निष्कर्ष असा, की याला येते पण हा देत नाही. त्यानंतर कोणावर काही संकट आले की त्याचे खापर सायलसच्या नकारावर फुटते. सॅलीवर केलेल्या दयेनेच त्याच्या आणि शेजाऱ्यांच्या मधली दरी रुंदावते.

फॉक्सग्लोव्हची गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. विल्यम विदरिंग या डॉक्टरने सूज उतरवण्यासाठी या वनस्पतीचा होणारा उपयोग अनेक रोग्यांवर तपासून १७८५ मध्ये ग्रंथरूपाने मांडला होता. हा डॉक्टर बर्मिंगहॅमचा, म्हणजे लेखिकेच्या मुलखाला लागूनच असलेल्या शहरातला. त्याला या औषधाचा माग लागला तो श्रॉपशायरमधल्या एका म्हाताऱ्या बाईच्या घरगुती काढ्यावरून. म्हणजे रॅव्हलोने जे चेटूक मानले, ते त्याच सुमारास जवळच वैद्यकाच्या पुस्तकात जाऊन बसले होते. तेच औषध कोण देतो यावर ते औषध ठरते की चेटूक, हे आपल्या सेमिनारमध्ये जरूर सांगा.

या प्रसंगामुळे माझे जुने उत्तर मोडले. अज्ञान ही एक रिकामी जागा आहे आणि तिच्यात ज्ञान ओतले की काम झाले, असे मी समजत होतो. रॅव्हलोत रिकामी जागा कुठेच नाही. तिथे प्रत्येक गोष्टीचे उत्तर तयार आहे. सायलसने औषध दिले तर तो मांत्रिक. दिले नाही तर दुष्ट मांत्रिक. अशा तयार उत्तराला नवा पुरावा धक्का देत नाही, उलट पुरावाच उत्तराच्या मापाने कापला जातो.

सायलसच्या झटक्यांचीही तीच कथा. त्याला मधूनच असा विकार होतो की शरीर ताठरते, डोळे स्थिर होतात आणि शुद्ध हरपते. रॅव्हलोला येण्यापूर्वी तो उत्तरेकडच्या एका शहरात, लँटर्न यार्ड नावाच्या गल्लीतल्या एका लहान, कडव्या पंथात होता. तिथे प्रार्थनेच्या वेळी असा झटका आला, तेव्हा तो ईश्वरी संकेत मानला गेला. मात्र विल्यम डेन या जिवलग मित्राने तो सैतानाचा स्पर्श असावा असे सुचवले. पुढे याच मित्राने पंथाच्या पैशांच्या चोरीत सायलसला अडकवले, आणि पंथाने कोर्टात न जाता चिठ्ठ्या टाकल्या. आपल्याकडे देवाला कौल लावतात, तसेच. कौल सायलसच्या विरुद्ध गेला. रॅव्हलोत आल्यावर जेम रॉडनी या गावकऱ्याने त्याला एका संध्याकाळी कुंपणाच्या पायठणीला टेकून पुतळ्यासारखा उभा पाहिले, तेव्हा चर्चचा वयोवृद्ध कारकून मेसी म्हणाला की काहींचा आत्मा पाखरासारखा शरीराच्या घरट्यातून बाहेर जातो आणि परत येतो. म्हणजे विकार एकच. आपला असताना प्रसाद, नकोसा झाल्यावर सैतान, परका असताना भानामती.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. पंधरा वर्षांत रॅव्हलोने सायलसला मारले नाही, हाकलले नाही. त्याचे कारण लेखिकेने स्पष्ट दिले आहे: थोडी त्याची भीती, आणि त्याहून अधिक त्याची गरज. टार्लीचा जुना विणकर मेला होता आणि गावच्या खात्यापित्या घरांतल्या बायकांना सूत विणून द्यायला कोणीतरी हवे होते. परक्याला गावात ठेवून घ्यायचे, त्याच्याकडून काम करून घ्यायचे, पण ओसरीवर बसवायचे नाही, ही व्यवस्था ज्यांना समजावून सांगावी लागेल असे मराठी वाचक थोडे असतील.

मग सायलसचे पैसे चोरीला जातात: २७२ पौंड, १२ शिलिंग, ६ पेन्स. खरा चोर कोण, हे वाचकाला माहीत आहे. तो गावच्या बड्या जमीनदाराचा मुलगा डन्स्टन कास. सायलस भिजलेल्या अंगाने ‘रेनबो’ या गुत्त्यात शिरतो, तेव्हा भुताच्या गप्पा मारत बसलेल्या मंडळींना क्षणभर तोच भूत वाटतो. तो प्रथम जेम रॉडनीवर आळ घेतो. मग स्वतःवर एकेकाळी आलेला खोटा आळ आठवून शब्द मागे घेतो. या दिवसापासून गावाचा सूर बदलतो. ज्याचे पैसे गेले, तो सैतानाचा दोस्त कसला! शेजारी दुःख विचारायला येऊ लागतात. सर्वसाधारण समीक्षा इथे सुस्कारा टाकते आणि पूर्वग्रह वितळू लागला असे लिहिते.

मला मात्र याच आठवड्यात दुसरे काहीतरी घडताना दिसते, आणि आपण सेमिनारचा भर यावर द्यावा असे मी सुचवीन. आठवे प्रकरण काढा. घटनास्थळाजवळ चकमकीची एक डबी सापडते. गुत्त्याचा मालक स्नेल याला आठवते, की महिन्यापूर्वी एक फेरीवाला येऊन गेला होता आणि त्याने आपल्याकडे चकमकीची डबी असल्याचे म्हटले होते. आठवणीला आठवण जुळत जाते. त्याचा वर्ण परदेशी वाटत होता. नजर चांगली नव्हती. मग धर्मोपदेशक क्रॅकेनथॉर्प, म्हणजे गावातला सर्वांत शिकलेला माणूस, एक प्रश्न विचारतो: त्याच्या कानांत बाळ्या होत्या का? परदेशी चालीरीतींची आपल्याला थोडी माहिती आहे, म्हणून विचारतो. स्नेल बिचारा सरळ माणूस. तो म्हणतो, पेटीत विकायला बाळ्या होत्या, त्याअर्थी कानांतही असाव्यात, पण मी खात्रीने सांगू शकत नाही.

एवढे पुरते. पाद्रीसाहेबांनी बाळ्यांविषयी विचारले, ही बातमी गावभर होते आणि त्या बाळ्यांवर फार मोठे काही अवलंबून आहे असा समज पसरतो. फेरीवाल्याचे बिनबाळ्यांचे चित्र कोणाच्याच डोळ्यांपुढे नसल्यामुळे, प्रश्न ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे तो बाळ्यांसकट उभा राहतो. कोणाच्या मनातल्या बाळ्या लहान, कोणाच्या मोठ्या. काचा बसवणाऱ्याची बायको, जिचे घर गावातल्या सर्वांत स्वच्छ घरांपैकी एक आणि जिला खोटे बोलण्याची सवय नाही, ती शपथेवर सांगायला तयार होते की चंद्रकोरीसारख्या मोठ्या बाळ्या आपण पाहिल्या. चांभाराची मुलगी जिनी ओट्स तर म्हणते की त्या पाहून आपल्या अंगावर काटा आला होता. चांभाराची मुलगी, म्हणजे त्याच सॅलीच्या घरातली, जिला एका परक्याच्या काढ्याने उतार पडला होता. लेखिका हे जोडून दाखवत नाही, आपण जोडायचे.

जाता जाता सांगतो, आपल्याकडे पुरुषाच्या कानातली भिकबाळी पेशवाई रुबाबाची खूण मानली जाते. रॅव्हलोत तीच चोराची खूण झाली.

या प्रसंगात कोणीही जाणूनबुजून खोटे बोलत नाही, हे पुन्हा सांगण्यासारखे आहे. गॉडफ्रे कास, चोराचा थोरला भाऊ, एकटाच म्हणतो की मी त्या फेरीवाल्याकडून चाकू घेतला होता, तो चांगला हसतमुख माणूस होता, नजरेबिजरेचे सगळे थोतांड आहे. ज्याचा त्या माणसाशी समोरासमोर व्यवहार झाला, त्याचे म्हणणे गाव पोरकटपणा म्हणून उडवून लावते. आणि सायलस? तो सांगतो की फेरीवाला दारात आला होता, काही नको म्हटल्यावर मुकाट्याने निघून गेला. एवढेच. तरीही फेरीवालाच चोर असावा, या कल्पनेला तोही घट्ट धरून बसतो. पंधरा वर्षे परकेपणा सोसलेला माणूस, दुसरा परका सापडताच गावाच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

माझा मुद्दा हा आहे. रॅव्हलोतला पूर्वग्रह सायलसवरून उठतो तो दुसरीकडे जाऊन बसण्यासाठी. सायलस ‘आपला’ होण्याची सुरुवात आणि फेरीवाला चोर ठरणे, या दोन्ही गोष्टी एकाच चोरीतून आणि एकाच आठवड्यात घडतात. पुढे सोळा वर्षांनी दगडखाणीतले पाणी आटते, डन्स्टनचा सांगाडा आणि पैसे सापडतात, सत्य बाहेर येते. त्या फेरीवाल्याची कोणी आठवण काढून माफी मागितल्याचे कादंबरी दाखवत नाही.

हे वर्गात शिकवत असताना एका विद्यार्थ्याने मध्येच राईनपाड्याचे नाव घेतले होते. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या या गावात १ जुलै २०१८ रोजी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांना ठार मारले. मी त्या दिवशी पुढे शिकवले नाही. आपल्या सेमिनारमध्ये हा उल्लेख करायचा की नाही, हे श्रोते कोण आहेत त्यावर ठरवा. केलात तर एका वाक्यात करा आणि तुलना ताणू नका, कारण रॅव्हलोत हात उगारला गेला नव्हता.

आता शिक्षण हा उपाय का, या आपल्या शंकेकडे वळतो. रॅव्हलोत सायलसच्या दाराशी सर्वांत आधी मनापासून येते ती डॉली विन्थ्रॉप. तिने आणलेल्या केकवर चर्चमधली अक्षरे ठशाने उमटवलेली असतात, आणि ती तिला वाचता येत नाहीत. चर्चमध्ये आहेत त्याअर्थी चांगलीच असणार, असे ती म्हणते. अज्ञानात ती मेसीच्या बरोबरीची आहे. फरक इतकाच की ती सायलसविषयी निष्कर्ष काढत बसण्याऐवजी दार ठोठावते. पुढे एपी ही आईविना राहिलेली लहान मुलगी बर्फातून दुडदुडत त्याच्या घरात येते (दार उघडे राहिलेले असते, कारण नेमक्या त्या क्षणी सायलस झटका येऊन दाराशी ताठ उभा असतो), तेव्हा तिला न्हाऊमाखू कसे घालायचे, हे डॉलीच त्याला शिकवते. मूल वाढवणाऱ्या माणसाकडे जायला शेजाऱ्यांना कारणे मिळतात. गावाचे ज्ञान वाढत नाही, येणेजाणे वाढते.

उलट शिकलेल्यांचे अज्ञान पाहायचे असेल तर सतरावे आणि एकोणिसावे प्रकरण वाचा. गॉडफ्रे हा एपीचा खरा बाप. सोळा वर्षांनी तो तिला मागायला येतो, आणि विणकर तिला आनंदाने देऊन टाकील असे त्याला प्रामाणिकपणे वाटते, कारण घट्टे पडलेल्या हातांच्या, तुटपुंज्या मिळकतीच्या माणसाला इतकी खोल माया असू शकते हे त्याच्या कधी मनातच आलेले नाही. हे मेसीच्या आत्म्याच्या पाखरापेक्षा कमी अज्ञान आहे का? फक्त ते सभ्य भाषेत बोलते.

गावकऱ्यांना दोषी धरायचे की नाही, याचे उत्तर आपण कोणत्या प्रसंगाविषयी बोलत आहोत यावर अवलंबून आहे. मेंढपाळाला मी दोष देणार नाही. त्याच्या भीतीने कोणाचे काही बिघडत नाही. ताईत मागायला आलेल्या आयांना तर मुळीच नाही, पोर खोकून निळे पडत असताना कोण शहाणपणाने वागेल? चांभाराच्या मुलीला मात्र देईन, आणि पाद्रीसाहेबांना तिच्याहून जास्त, कारण आपल्या प्रश्नाचे गावात काय होईल हे समजण्याइतके त्यांचे शिक्षण झाले होते. लेखिका स्वतः मात्र न्यायनिवाडा करत नाही. जॉर्ज हेन्री लुईस यांच्यासोबत लग्नावाचून राहिल्यामुळे सख्ख्या भावाने वर्षानुवर्षे तोडलेली ही बाई होती. लोक एखाद्याविषयी काय काय ठरवून टाकतात, हे तिला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

सेमिनारसाठी एक सूचना. आठवे प्रकरण वाचून दाखवण्यापूर्वी श्रोत्यांना फेरीवाल्याविषयी स्नेल जेवढे सांगतो तेवढेच सांगा: पेटी, चकमकीची डबी, विकायला ठेवलेले दागिने. दहा मिनिटे दुसरे बोला. मग कागदाचे तुकडे वाटून सहज विचारल्यासारखे विचारा, की त्याच्या कानांत बाळ्या कशा होत्या. मी हा प्रयोग केला तेव्हा निम्म्याहून जास्त वर्गाने बाळ्यांचे वर्णन लिहून दिले. एका हुशार मुलीने त्या चांदीच्या, काळवंडलेल्या, आणि डावीकडची जरा मोठी असल्याचे लिहिले होते. प्रकरण वाचून झाल्यावर तिने तो कागद परत मागितला. मी दिला नाही. माझ्या प्रतीत त्या पानावर तो अजून आहे.